लुइसिया आणि हिवाळी पाऊस

शंकेखोर : सिॲटल ते व्हँकुव्हर या पावसाळी किनाऱ्यावर ज्यांची घरं आहेत, त्यांनी लुइसिया लावू नये असं माझं स्पष्ट मत आहे. एप्रिल उजाडला की तिथल्या नर्सऱ्यांत, अगदी किराणा दुकानांच्या दाराशीसुद्धा, या झाडाच्या छोट्या कुंड्या मांडलेल्या दिसतात. जमिनीलगत गोल पसरलेली जाडसर पानं, त्यातून वर आलेले वीतभर दांडे आणि त्यांवर गुलाबी, शेंदरी, पिवळी फुलं. प्रत्येक पाकळीच्या मधोमध गडद रेघ. कोणीही मोहात पडावं असंच हे रूप आहे. सिॲटलजवळच्या बेलव्ह्यू-रेडमंडकडे संगणकाच्या नोकऱ्यांमुळे आपली बरीच कुटुंबं स्थिरावली आहेत, आणि आपल्या माणसाला दाराशी फूल लागतंच. कुंडी घरी येते, वाफ्यात लागते, महिना-दीड महिना अंगण उजळून निघतं. मग दिवाळीच्या सुमाराला तिकडची झड लागते आणि महाशिवरात्रीपर्यंत झाड संपलेलं असतं. वरून बघावं तर पानं अजून हिरवी असतात, पण हात लावला की अख्खा झुबका अलगद सुटून येतो आणि खाली मानेशी तपकिरी लगदा उरलेला असतो. या प्रकाराला बागकाम म्हणावं का? हा तर मुळासकट विकलेला पुष्पगुच्छ झाला. ज्या लुइसिया कॉटिलिडॉनपासून या जाती निघाल्या, ती ऑरेगन आणि कॅलिफोर्नियाच्या सीमेवरच्या सिस्कियू डोंगरांतली, कड्यांच्या फटींत राहणारी. तिला सखल किनाऱ्यावर ओल्या मातीत आणून बसवायचं आणि वर्षाच्या आत मारायचं, यात मला कौतुक वाटण्यासारखं काही दिसत नाही.

हौशी : झाड मरतं हे खरं, पण त्याचा ठपका तुम्ही पावसावर ठेवता आहात, आणि तिथेच माझं तुमच्याशी पटत नाही. सिॲटलला वर्षाकाठी पाऊस पडतो साधारण साडेनऊशे ते हजार मिलिमीटर. मुंबईत दोन हजारांच्या वर पडतो, रत्नागिरीला तीन हजारांच्या वर. तेव्हा पाणी पुष्कळ आहे म्हणून झाड बुडालं, असं कोकणातल्या माणसाने तरी म्हणू नये. तिथला पाऊस बारीक आहे आणि चिवट आहे. वर्षातले दीडशेच्या आसपास दिवस तो पडतो, आणि त्यातला मोठा वाटा ऑक्टोबर ते मार्च या थंडीच्या महिन्यांत. ऊन तिरपं, दिवस लहान, माती वाळायला उसंतच नाही. झाडाला मारतो तो हा न वाळणारा ओलावा, आणि तोही एकाच जागी, पानांचा झुबका जिथे मुळाला मिळतो त्या मानेशी. बाकी मुळं खाली ओली राहिली तर त्यांची तक्रार नसते. वसंतात डोंगरावरचा बर्फ वितळतो तेव्हा त्याच फटीतून गार पाणी झुळझुळत असतं आणि लुइसिया ते पिऊनच फुलते.

आणि किनारा तिचा नाही असं म्हणालात, तर सॅडल माउंटनचं काय करायचं? ऑरेगनच्या वायव्य कोपऱ्यात, समुद्रापासून फार तर वीस किलोमीटरवर, हजारेक मीटर उंचीचा हा डोंगर आहे. माथ्यावरून पॅसिफिक दिसतो आणि कोलंबिया नदीचं मुखही दिसतं. दगड बेसाल्टचाच, आपल्या सह्याद्रीसारखा, फक्त इथे लाव्हा समुद्राच्या पाण्यात शिरून फुटला आणि पुन्हा सांधला गेला. समुद्रावरून आलेले ढग आधी याच रांगेवर रिते होतात, त्यामुळे पाऊस सिॲटलपेक्षा कितीतरी जास्त. आणि या डोंगराच्या कड्यांवर लुइसिया कोलंबियानाचा रुपिकोला हा प्रकार मजेत राहतो. ऑलिंपिक डोंगरांतही तो आहे. धो धो पावसात, धुक्यात, समुद्राच्या वाऱ्यात. मग अडचण किनाऱ्याची कशी?

शंकेखोर : सॅडल माउंटनचा दाखला चांगला आहे, पण तो माझ्या बाजूने बोलतो. कड्यावर तुम्हाला जे झाड दिसतं ते हजारांतलं एक वाचलेलं झाड असतं. किती बिया वाऱ्यावर गेल्या, किती सपाट जागी पडून कुजल्या, किती रुजल्या आणि पहिल्याच हिवाळ्यात गेल्या, याचा हिशेब कड्यावर लिहिलेला नसतो. डोंगराने शेकडो वर्षं निवड करून एक फट दाखवली. त्या फटीला उतार आहे, तिथे वारा आहे, मागे टनावारी दगड आहे आणि माती नावापुरती. माणूस ते फूल बघतो, फट बघत नाही, आणि घरी येऊन मऊ काळ्या मातीच्या वाफ्यात खड्डा खणतो.

दुसरं, तुम्ही बर्फाचा उल्लेख ओझरता केलात. उंचावरच्या लुइसिया हिवाळाभर बर्फाखाली असतात, आणि तो बर्फ म्हणजे त्यांच्या अंगावरची गोधडी असते. तिच्याखाली तापमान शून्याच्या आसपास स्थिर, उजेड कमी, आणि मुख्य म्हणजे पाणी गोठलेलं, म्हणजे झाडाच्या दृष्टीने कोरडं. बर्फ गेला की एकदम वसंत. किनाऱ्यावर असं काही नाही. तिथे डिसेंबरात पाच-सहा अंश, ओलं, मळभ. झाड धड झोपत नाही, धड वाढत नाही, आणि बुरशीला मात्र ते हवामान मानवतं. तुम्ही पावसाचे मिलिमीटर मोजलेत. मी म्हणतो, हिवाळ्यातले ओले तास मोजा.

हौशी : मोजतो. मीही तेच मोजा म्हणतो आहे. म्हणून तर वाफ्यात लावू नका, भिंतीत लावा! आपल्याकडे कोकणात चुना-सिमेंट न घालता जांभ्याचा गडगा रचतात. पावसाळ्यात त्याच्या फटींतून नेचे येतात, कुठे कुठे गुलाबी पाकळ्यांचा रानटी बेगोनिया येतो. त्या बेगोनियाचा छोटा कंद उरलेलं वर्ष फटीतच कोरडा पडून असतो. लुइसियाला हवी ती रचना हीच, फक्त ऋतू उलटे. गडग्याच्या दोन थरांमध्ये रोप आडवं निजवायचं, मुळं आत भिंतीकडे, पानांचं तोंड बाहेर, अगदी उभ्या पातळीत. पाणी पानांवर पडतं आणि घसरून जातं, मानेशी साठायला जागाच राहत नाही.

दुकानातून आणलेलं रोप जसंच्या तसं लावायचं नाही, हे मी पुन्हा पुन्हा सांगेन. ते पीटमध्ये वाढवलेलं असतं, आणि पीट म्हणजे भिजलेला स्पंज, बारीक खडीच्या मधोमध तो गोळा ठेवलात तर पाणी नेमकं तिथेच धरून बसतं. फुलं ओसरली की रोप कुंडीतून काढा, बादलीभर पाण्यात मुळं हलकेच धुवा. मग दिसतं ते झाडाचं खरं शरीर. मानेखाली बोटभर जाडीचं, मांसल, बाहेरून तपकिरी सालीचं मूळ आणि त्याला फुटलेल्या चारदोन शाखा. त्यातच ती पाणी आणि अन्न साठवते. पूर्वी वनस्पतिशास्त्रज्ञ लुइसियाला आपल्या घोळीच्या भाजीच्या कुळात धरत, आता शेजारच्या माँटिएसी कुळात धरतात, आणि पान मोडून पाहिलं तर ते नातं लगेच पटतं. धुतलेलं रोप एक-दोन दिवस सावलीत ठेवायचं, म्हणजे मोडलेल्या मुळांच्या जखमा सुकतात. मग ज्वालामुखीचा सच्छिद्र प्युमिस दगड (त्या भागात तो सहज मिळतो), बारीक खडी आणि थोडीच माती अशा मिश्रणात लावायचं. मानेभोवती दोन-तीन बोटं जाडीचा फक्त खडीचा थर. तोंड पूर्वेला किंवा उत्तरेला, कारण दुपारचं रखरखीत ऊन तिला नको असतं. आणि जमलं तर वळचणीखाली, पागोळ्यांच्या रेषेच्या आत. घराचं छप्पर हिवाळ्यात आयतं काम करतं, त्याचे वेगळे पैसे पडत नाहीत. अशा जागी लावलेल्या लुइसिया वर्षानुवर्षं टिकतात. व्हँकुव्हरच्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाची वनस्पती बाग समुद्राला लागून आहे, आणि डोंगरी झाडांसाठी त्यांनी लोह्ब्रुनर अल्पाइन गार्डन हा मोठा विभाग राखला आहे. किनाऱ्यावर दगडांची बाग होऊ शकते याला याहून मोठा पुरावा काय हवा?

शंकेखोर : आता तुम्हीच बघा काय झालं. एका झाडासाठी भिंत रचली, माती बदलली, दिशा ठरवली, डोक्यावर छप्पर दिलं. झाड बागेत राहायला आलं की बाग झाडाच्या सेवेला लागली? दगडी बागेचा सगळा इतिहास या हट्टाचाच आहे. एकोणिसाव्या शतकात सधन इंग्रजांना आल्प्सचं वेड लागलं. तिथली फुलं त्यांना आपल्या अंगणात हवी झाली. हेन्लीला फ्रँक क्रिस्प या वकिलाने आपल्या फ्रायर पार्क बंगल्यात आल्प्समधल्या मॅटरहॉर्न शिखराची दगडी प्रतिकृती उभी केली. पुढे हाच बंगला बीटल्सच्या जॉर्ज हॅरिसनने घेतला. डोंगर समुद्रसपाटीला ओढून आणायचा, मग तो ओला होतो म्हणून त्याच्यावर काच घालायची, मग गुदमरतो म्हणून काचेच्या बाजू उघड्या ठेवायच्या, आणि त्याला अल्पाइन हाऊस म्हणायचं. हे प्रेम आहे, मला मान्य आहे. पण प्रेमाने झाडाचं भलं होतंच असं नाही.

त्याच किनाऱ्यावर फुकट नांदणारी झाडं आहेत. आर्मेरिया मारिटिमा घ्या. थ्रिफ्ट म्हणतात तिला. गवतासारख्या पानांची उशी, वसंतात वर गुलाबी गोंडे. समुद्राचा खारा तुषार अंगावर घेऊन ती कड्यांवर फुलते. १९३७ पासून ब्रिटनच्या पितळी तीन पेनीच्या नाण्यावर तिचं चित्र होतं, इतकी ती तिथल्या लोकांच्या ओळखीची. तिचा एक प्रकार पॅसिफिकच्या काठावरही रानात आहे. किंवा सेडम स्पॅथुलिफोलियम घ्या, खास त्या किनाऱ्याचं, चांदीसारख्या राखी पानांचं, वसंत सरता सरता पिवळं फुलणारं. त्याची बागेतली एक जात ऑरेगनच्या केप ब्लँकोच्या नावाने विकली जाते. या दोघांना खडकाळ जागा आणि ऊन दिलं की झालं. छप्पर नको, धुणं नको, वळचण नको. दाराशी हे असताना दूरच्या डोंगरावरचं आजारी पाहुणं कशाला आणायचं?

हौशी : थ्रिफ्ट आणि सेडम मीही लावतो, ज्यांना बागेला वेळ नाही त्यांना तीच लावा म्हणून सांगतो. पण 'जिथलं तिथेच' हा नियम तुम्ही फक्त लुइसियाला का लावता? सिॲटलच्या कुठल्याही गल्लीत हिंडा. ऱ्होडोडेंड्रॉन आशियातले, मेपल जपानचे, गुलाब निम्म्या जगाचे, आणि हिरवळ तर उन्हाळाभर नळाच्या पाण्यावर जगवलेली. लुइसियाच्या कुळशाखेतली सगळी मंडळी, सतरा-अठरा जाती असतील, पश्चिम उत्तर अमेरिकेच्या बाहेरची नाहीत. लुइसिया ट्वीडी तर वॉशिंग्टन राज्याच्या वेनॅची डोंगरांतली, सिॲटलहून मोटारीने अडीच-तीन तासांवर. हल्ली शास्त्रज्ञ तिला वेगळ्या गटात काढतात, पण बागवाले जुन्याच नावाने ओळखतात. जर्दाळूच्या रंगाचं, रेशमासारखं पातळ, तळहातात जेमतेम मावेल असं फूल. तिला परकी कसं म्हणायचं?

शंकेखोर : अंतर मोटारीच्या तासांत मोजलं तर जवळच. मधे कॅस्केड डोंगरांची रांग उभी आहे हे विसरलात. वेनॅची शहराला वर्षाला अडीचशे मिलिमीटरही पाऊस पडत नाही. आपल्याकडे महाबळेश्वरचा धुवाधार पाऊस आणि तिथून काही तासांच्या अंतरावर माणदेशाकडचा दुष्काळी मुलूख, तसं ते आहे. राज्य एक असलं म्हणून हवा एक होत नाही. आणि ट्वीडीबद्दल बोलायचंच तर ती तुमच्या कॉटिलिडॉनपेक्षा पाच पट नाजूक. मुरलेले बागवालेसुद्धा तिला काचेखाली ठेवतात आणि तरी गमावतात.

हौशी : नाजूक म्हणता? मग मी तुम्हाला या वंशाच्या चिवटपणाची गोष्ट सांगतो, आणि ती दंतकथा नाही. १८०६ च्या जुलैमध्ये मेरिवेदर लुईस हा शोधप्रवासी परतीच्या वाटेवर मॉन्टानात आजच्या लोलो गावाजवळ थांबला होता. तिथे त्याने बिटररूट या झाडाचे नमुने घेतले, दाबून वाळवले आणि पूर्वेला नेले. फिलाडेल्फियात ते कागदांतून बाहेर काढले तेव्हा मुळात धुगधुगी आहे असं दिसलं. लावून पाहिलं तर पानं फुटली. १८१३ मध्ये फ्रेडरिक पुर्शने त्याचं वर्णन छापलं आणि पुन्हा जिवंत झालेली, लुईसची, म्हणून लुइसिया रेडिव्हायव्हा असं नाव दिलं.

पुढची गोष्ट याहून थोर. डॉ. लायल नावाचे आरमारातले डॉक्टर ब्रिटिश कोलंबियात झाडं गोळा करत होते. हे झाड लवकर मरत नाही अशी ख्याती ऐकून त्यांनी ते वाळवण्याआधी चक्क उकळत्या पाण्यात बुडवलं. तो नमुना इंग्लंडला क्यूच्या बागेत पोचला. दीड वर्ष उलटून गेल्यावर त्याला अंकुर फुटले, आणि १८६३ मध्ये ते क्यूला फुललं. उकळतं पाणी आणि दीड वर्षाचा उपास सोसणाऱ्या वंशाला तुम्ही आजारी पाहुणं म्हणता.

शंकेखोर : अहो, तुमच्याच गोष्टीत उत्तर आहे! उकळलं ते घटकाभर. नंतर ते मूळ कशात होतं? कागदात. कोरड्या कागदात, दीड वर्ष. लुईसचा नमुनाही तसाच, कित्येक महिने दाबलेल्या कोरड्या कागदांमध्ये. हे झाड उपासाला भीत नाही, तहानेला भीत नाही, आगीलाही फारसं भीत नसेल. ते भितं फक्त एका गोष्टीला, आणि किनाऱ्यावर तीच एक गोष्ट मुबलक आहे. लायलसाहेबांनी ते उकळत्या पाण्याऐवजी सिॲटलच्या एखाद्या वाफ्यात नोव्हेंबर ते मार्च ठेवलं असतं, तर क्यूला पाठवायला काही उरलं नसतं.

हौशी : (थोडं थांबून) हे मी मान्य करतो, आणि इतक्या नेमकेपणाने आजवर मला ते कोणी सांगितलं नव्हतं. पण मग बघा, तुमचं म्हणणं आणि माझं म्हणणं एकाच जागी येऊन पोचतं. ज्याला लुइसिया जगवायची आहे त्याने तिला पाणी कसं द्यायचं हे शिकण्याआधी पाणी कसं द्यायचं नाही हे शिकायचं. आणि इथे आपल्या माणसाची सवय आड येते, तीही हिवाळ्यात नाही, उन्हाळ्यात. आपल्या हाडीमाशी बसलेलं गणित असं की उन्हाळा म्हणजे झाडाचा वनवास, तेव्हा दोन वेळा पाणी घाला. पाऊस लागला की झाडं आपली आपण जोम धरतात. कोकणात पाऊस ऊब घेऊन येतो, म्हणून हे गणित तिथे खरं आहे. त्या किनाऱ्यावर पाऊस थंडी घेऊन येतो, आणि उन्हाळा जवळजवळ कोरडा जातो. फुलून झाल्यावर लुइसिया स्वस्थ बसते. जुलै-ऑगस्टमध्ये पानं सुरकुततात, थोडी आत वळतात. ते बघून पाण्याचा झारा उचलायची इच्छा होते, आणि तिथेच घात होतो. २०२१ च्या जूनअखेर सिॲटलचा पारा बेचाळीस अंशांपर्यंत चढला. अशा दिवसांत तापलेल्या मातीत मानेशी पाणी ओतणं म्हणजे कुजायला आमंत्रण. सुरकुतलेलं पान हे तहानेचं लक्षण नाही, ते विश्रांतीचं आहे. फार वाटलंच तर मुळांच्या बाजूने, भिंतीच्या मागून, थोडं पाणी सोडावं. हे एकदा अंगवळणी पडलं की माणूस बागेतली इतर झाडंही निराळ्या डोळ्यांनी बघायला लागतो. कुठल्या झाडाचा पावसाळा कोणता, असा प्रश्न त्याला पडतो. थ्रिफ्ट लावून हा प्रश्न कधी पडत नाही, कारण ती काहीच मागत नाही.

शंकेखोर : म्हणजे झाड हे तुमच्या शिक्षणाचं साधन. ते शिकवण्यासाठी जीव द्यायला तयार आहे का, हे कोणी विचारलं नाही. बरं, एक झाड मेलं तर मी एवढा त्रागा करणार नाही. माझी खरी काळजी मागणीची आहे. घरोघरच्या बागेत एखादी दुर्मीळ वस्तू मिरवायची ठरली की कोणीतरी डोंगरावर खुरपं घेऊन जातो. कॅलिफोर्नियाच्या समुद्रकड्यांवर डडलिया नावाची मांसल पानांची झाडं आहेत. परदेशात त्यांना मोल आलं तशा टोळ्या आल्या, आणि हजारोंनी झाडं कड्यांवरून उपटून खोक्यांत भरून टपालाने गेली. २०१८ च्या सुमाराला हे उघडकीला आलं, माणसं पकडली गेली, आणि २०२१ मध्ये राज्याला त्यासाठी वेगळा कायदा करावा लागला. ज्या झाडाला फटीत रुजून फुलायला वर्षं लागतात ते उपटायला अर्धं मिनिट पुरतं. बिटररूटचं तर आणखी आहे. त्या मुलखातले मूळ रहिवासी सेलिश लोक कित्येक पिढ्या वसंतात त्याची मुळं खणून खात आले. पहिलं मूळ खणण्याचा त्यांचा विधी असतो. तुमच्या खडीच्या कुंडीत ते झाड येतं तेव्हा यातलं काय येतं?

हौशी : कड्यावरून उपटलेलं रोप विकणाऱ्याला आणि घेणाऱ्याला मी सारखाच दोषी मानतो, तिथे माझी तडजोड नाही. पण उपाय काय? बागेतून झाड हद्दपार केलं तर हाव संपत नाही, ती गुपचूप चालते. बियांपासून वाढवलेलं रोप दोन पैशांत मिळू लागलं की उपटायला कोणी कडा चढत नाही. लुइसिया कॉटिलिडॉनच्या बाबतीत नेमकं हेच घडलं. इंग्लंडमधल्या ॲशवुड नर्सरीने आणि स्कॉटलंडमधल्या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या बी निवडत तिचे नवे रंग काढले. आज बाजारातली बहुतेक रोपं त्या वंशातली, डोंगर कधी न पाहिलेली. अल्पाइन गार्डन सोसायटी १९२९ ची, स्कॉटिश रॉक गार्डन क्लब १९३३ चा, उत्तर अमेरिकेची संस्था १९३४ ची. सभासदांनी एकमेकांना बी वाटणं हा या मंडळींचा जुना रिवाज. शरद ऋतूत पेरा, कुंडी थंडीत उघड्यावर ठेवा, गारठा खाल्ल्याशिवाय बी रुजत नाही. वसंतात कोंब येतात, आणि फुलायला दोन-तीन वर्षं धीर धरावा लागतो. ज्याने एवढा धीर धरला तो माणूस झाडाला पुष्पगुच्छ समजत नाही.

शंकेखोर : बियांचं मला पटतं. तरी एक गोष्ट खटकतेच. नर्सरीतल्या निवडीत माणसं काय शोधतात? मोठं फूल, भडक रंग, कुंडीत लवकर फुलणं. कड्याला तग धरणारं झाड हवं असतं, दुकानाला एप्रिलमध्ये खपणारं. असं पिढ्यान्‌पिढ्या चाललं की नावापुरती लुइसिया उरते, आणि तुम्ही ज्या डोंगराच्या ओढीने हे सगळं करता तो डोंगर तिच्यातून निघून गेलेला असतो. रानातल्या कॉटिलिडॉनच्या पांढऱ्या पाकळीवरच्या बारीक गुलाबी रेघा बघा आणि कुंडीतला तो भगवा झगझगाट बघा.

हौशी : रंगाबद्दल तुमच्याइतकाच मीही कष्टी होतो. म्हणून मला रुपिकोला आवडते. लहान, गर्द गुलाबी, कोणाच्या नजरेत न भरणारी, आणि ओल्या किनारी डोंगराचीच. किनाऱ्यावरच्या माणसाने सुरुवात तिच्यापासून करावी असं माझं मत होत चाललं आहे. हे मत तुमच्याशी बोलता बोलता पक्कं झालं, तेही सांगतो.

शंकेखोर : आणि माझा हट्ट थोडा ढिला झाला असेल तर तो एवढाच, की उभ्या भिंतीत, वळचणीखाली, बियांपासून आलेलं झाड लावायला माझी हरकत नाही. पण ते 'टिकतं' असं तुम्ही म्हणता तेव्हा किती वर्षं धरायची? तीन वसंत फुलली म्हणजे जमली का? कड्यावर एकेक झाड कित्येक वर्षं एकाच फटीत बसलेलं असतं. माझा हिशेब असा की बागेत दहा वर्षं, छपराशिवाय, आणि आपलं बी आपण टाकून भिंतीत नवी रोपं आली, तरच ते झाड त्या किनाऱ्याने स्वीकारलं. त्याआधी ते तुमच्या काळजीवर जगतं आहे.

हौशी : छपराशिवाय, ही अट मला मान्य नाही. कड्यावरही वरचा पुढे आलेला खडक छपराचंच काम करतो. ज्या फटीवर असा खडक आहे तिथली झाडं काळजीवर जगतात असं तुम्ही म्हणाल का? बी आपोआप पडून रोप आलं पाहिजे, ही अट मात्र चोख आहे. ती मी घेतो.

शंकेखोर : खडक तिथे झाडासाठी आणून ठेवलेला नसतो.

हौशी : घराचं छप्परही झाडासाठी घातलेलं नसतं. झाडाला ते सारखंच.

शंकेखोर : यावर आपलं एकमत होईल असं दिसत नाही, आणि ते आज व्हायलाही नको. मात्र कोणी विचारलं तर दोघांनी एकच सांगू या. रोप घेताना ते बियांपासून वाढवलेलं आहे का हे नर्सरीवाल्याला स्पष्ट विचारा. त्याला उत्तर देता आलं नाही तर घेऊ नका.

हौशी : आणि एप्रिलमध्ये फुलं बघून जागा ठरवू नका. जानेवारीत बारीक पाऊस लागलेला असताना छत्री घेऊन भिंतीपाशी जा, पागोळ्या कुठे पडतात, दगडाच्या कोणत्या कडेला पाणी थांबतं आणि कोणती फट कोरडी राहते ते बघून तिथे खडूने खूण करा. रोप त्यानंतर आणा.